साइनच्या डोक्यावरचा उणे एक: एका गणित विभागातलं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गणित विभागातलं आहे. मी तेव्हा पहिल्या वर्षाच्या गणिताची समन्वयक होते. कॉलेजचं, सहकाऱ्यांचं किंवा विद्यार्थ्यांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे बारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. फळ्यावर आणि पेपरात अर्थातच रोमन अक्षरं होती. इथे फलांची (फंक्शनची) नावं देवनागरीत लिहिली आहेत आणि चलासाठी क्ष, य घेतले आहेत.

पार्श्वभूमी

पहिल्या वर्षाला गणित शिकवणारे आम्ही पाच जण होतो. तुकड्या वेगळ्या, पण युनिट टेस्ट एकच आणि विभागाने काढलेलं वर्कबुकही एकच. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि शेवटची परीक्षा आमच्या हातात नव्हती. मुलं बारावी आणि सीईटी करून आलेली. बारावीच्या पुस्तकात साइनचं व्यस्त फल, म्हणजे साइनची किंमत दिली की कोन सांगणारं फल, साइन⁻¹ क्ष असंच छापलेलं असतं, सीईटी आणि जेईईच्या पेपरातही तसंच. म्हणजे हे चिन्ह मुलांना नवं नव्हतं.

आमच्या फळ्यांवर मात्र ज्याची त्याची वेगळी तऱ्हा होती. आमचे ज्येष्ठ सर ऐंशीच्या दशकात शिकलेले. तेव्हा मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची इंग्रजी पुस्तकं आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळायची. त्या पुस्तकांवर वाढलेले सर याच फलाला जन्मभर आर्कसाइन लिहीत आले. त्यांच्याकडे काही मूळ रशियन पुस्तकंही होती, त्यांत तर टॅनच्या जागी टीजी आणि त्याच्या व्यस्त फलाला आर्कटीजी. आमचा सगळ्यात तरुण सहकारी सीईटीचे क्लास घेऊन आलेला, त्याच्या हाताला साइन⁻¹ बसलेलं. पायथनचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम एसाइन लिहायच्या, कारण संगणकाच्या भाषेत तेच चालतं. मेकॅनिकलकडून आलेले एक सर सगळं एक्सेलमध्ये करून दाखवायचे. मी स्वतः कधी आर्कसाइन लिहायचे, कधी साइन⁻¹. एकाच तासाला दोन्ही. यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलंही नव्हतं.

अडचण

पहिल्या युनिट टेस्टमध्ये ४ मार्कांचा एक प्रश्न होता: साइन⁻¹ क्ष चं इंटिग्रेशन करा. पेपर तपासताना मी एका उत्तरावर थांबले. निळ्या पेनने, नीटनेटक्या अक्षरात लिहिलेलं. पहिली ओळ: साइन⁻¹ क्ष = १/साइन क्ष = कोसेक क्ष. दुसऱ्या ओळीत कोसेकचं इंटिग्रेशन, लॉग |कोसेक क्ष − कॉट क्ष| + सी. खाली दोन रेघा. हवं होतं ते उत्तर क्ष साइन⁻¹ क्ष + √(१ − क्ष²) + सी. म्हणजे मुलाने भलत्याच फलाचं अगदी अचूक इंटिग्रेशन केलं होतं. मी शून्य दिलं आणि पुढे गेले. मग त्याच गठ्ठ्यात आणखी काही उत्तरं तशीच निघाली. दुपारी विचारलं तर इतर तुकड्यांतही तीच गोष्ट.

पेपर वाटल्यावर तो मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. मार्कांसाठी भांडायला आला नव्हता. म्हणाला, “मॅडम, साइन² क्ष म्हणजे साइन क्ष चा वर्ग ना?”

“हो.”

“आणि साइन³ क्ष म्हणजे घन?”

“हो.”

“मग तिथे उणे एक आला की तो घातांक का राहत नाही?”

मी म्हटलं, तो संकेत आहे, लक्षात ठेवायचा. “बरं मॅडम,” म्हणून तो गेला. पण मी त्याला उत्तर दिलंच नव्हतं, आणि ते त्यालाही कळलं असणार. आपण दिलेला नियम त्याने एक पाऊल पुढे नेला होता. गणिताच्या विद्यार्थ्याने करायला हवं तेच त्याने केलं होतं.

त्यात मराठी शब्दानेही भर घातली होती. शाळेत १/अ ला आपण अ चा ‘गुणाकार व्यस्त’ म्हणतो, आणि साइनच्या उलट जाणाऱ्या फलालाही ‘व्यस्त फल’. बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली. त्यांच्या कानाला दोन्ही ठिकाणी व्यस्तच ऐकू येत होतं.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीन गोष्टी समोर आल्या. लॅबमध्ये एका गटाने ०.५ ही साइनची किंमत घेऊन कोन काढण्यासाठी साइन(०.५) चा उणे एकावा घात टाइप केला आणि २.०८५८ हे उत्तर वहीत उतरवलं. खरं उत्तर ०.५२३६ रेडियन, म्हणजे ३० अंश. संमिश्र संख्यांच्या धड्यात −१ − आय या संख्येचा कोन काढताना वर्गातल्या निम्म्याहून जास्त हातांनी टॅन⁻¹(य/क्ष) लिहिलं. उणे उण्याला छेदून गेलं, टॅन⁻¹(१) राहिला आणि उत्तर आलं पाय/४. संख्या तिसऱ्या चरणात आणि कोन पहिल्या चरणातला. तिसरी गोष्ट कॉट⁻¹(−१) ची. बारावीच्या पुस्तकाप्रमाणे कॉट⁻¹ ची किंमत ० ते पाय यांच्या मधली असते, म्हणून उत्तर ३पाय/४. पायथनच्या सिमपाय या गणिताच्या लायब्ररीत तेच विचारलं की −पाय/४ येतं, कारण तिथे रेंज वेगळी धरली आहे. एक मुलगी दोन्ही उत्तरं घेऊन आली आणि विचारू लागली, यातलं चूक कोणतं? चूक कुठलंच नव्हतं.

हा उणे एक आला कुठून

विभागाची बैठक ठरली, तेव्हा आधी थोडं वाचून जावं असं ठरवलं, कारण दारातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्यासाठीही हवं होतं.

साइन⁻¹ हे चिन्ह इंग्रज गणितज्ञ जॉन हर्शेलने १८१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समधल्या लेखात मांडलं. तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्याचं तर्कशास्त्र स्वच्छ होतं. एखादी क्रिया दोनदा केली की तिच्यावर २ लिहायचा, तीनदा केली की ३. मग क्रिया उलटी फिरवली की −१. त्या हिशेबाने साइन² क्ष चा अर्थ होतो साइन(साइन क्ष), आणि साइन⁻¹ क्ष चा अर्थ ज्याचा साइन क्ष आहे तो कोन. हर्शेलच्या घरात दोन्ही चिन्हं एकाच नियमाने नांदत होती.

जर्मन गणितज्ञ गाउसचं मत वाचल्यावर तर मी वही बाजूला ठेवून बसून राहिले. साइन² थीटा असं लिहिणं त्याला अगदी तिटकाऱ्याचं वाटायचं, मग ते लाप्लाससारख्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने का वापरलेलं असेना. वर्ग दाखवायचा असेल तर (साइन थीटा)² लिहा, कारण साइन² चा अर्थ साइन(साइन थीटा) असाच व्हायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे हर्शेल आणि गाउस दोघे या मुद्द्यावर एकाच बाजूला उभे आहेत. आपण मात्र हर्शेलकडून उणे एक तेवढा उचलला आणि दोनचा जुना अर्थ तसाच ठेवला. त्या मुलाने दारात उभं राहून नेमकं याच सांध्यावर बोट ठेवलं होतं, आणि मी त्याला पाठांतर करायला सांगितलं होतं.

समोर असलेले पर्याय

बैठकीत सूर लवकर चढले. बाहेरच्या माणसाला हे नवल वाटेल, पण चिन्ह हे गणित शिकवणाऱ्याच्या हातातलं रोजचं अवजार असतं. ते बदलायला सांगणं म्हणजे सुताराला वाकस बदलायला सांगण्यासारखं आहे.

तरुण सहकाऱ्याचं म्हणणं होतं की काहीच बदलू नये. बारावी, सीईटी, विद्यापीठ, कॅल्क्युलेटरचं बटण, सगळीकडे साइन⁻¹ आहे. आपण आर्कसाइन सुरू केलं तर मुलं आपल्या वर्गापुरती वेगळी भाषा शिकतील आणि विद्यापीठाच्या पेपरात अडखळतील. पहिल्या तासाला ठळक सूचना द्या आणि पुढे चला. हा मुद्दा हलका नव्हता, कारण पेपर आम्ही काढत नव्हतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनने शाळेत असताना साइन, कॉस, टॅनसाठी स्वतःची चिन्हं बनवली होती आणि ती त्याला चांगली वाटायचीही. पण मित्राला काही समजावून सांगताना ती मित्राला कळेनात, तेव्हा त्याने ती सोडून दिली. ही गोष्ट बैठकीत त्या तरुण सहकाऱ्यानेच सांगितली.

लॅबच्या मॅडमना आर्कसाइन हवं होतं. त्यांनी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ८००००-२ या मानकाचा दाखला दिला. गणिती चिन्हांच्या या मानकातही आर्कसाइनच दिलेलं आहे. शिवाय संगणकाला संदिग्ध काही चालतच नाही, तिथे कंस द्यावाच लागतो, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. या दुसऱ्या वाक्याकडे आम्ही कोणी नीट लक्ष दिलं नाही.

तिसरा पर्याय गाउसचा, आणि तो मी मांडला: साइन⁻¹ राहू द्या, साइन² क्ष बंद करा आणि सगळीकडे (साइन क्ष)² लिहा. म्हणजे फलाच्या डोक्यावर घातांक कधी बसणारच नाही. तर्काला हा सगळ्यात चोख. पण साइन² क्ष + कॉस² क्ष = १ हे मुलांच्या हाडीमाशी खिळलेलं, आणि घातांकांचे लांबलचक इंटिग्रेशन कंसांनी भरून जाणार. माझ्या बाजूने कोणीच बोललं नाही.

ज्येष्ठ सर इतका वेळ गप्प होते. ते उठले आणि फळ्यावर एक धनुष्य काढलं. वाकलेलं लाकूड, ताणलेली दोरी. दोरीवर लिहिलं ‘जीवा’. शाळेत वर्तुळाच्या जीवेला आपण जीवा म्हणतो तीच ही; संस्कृतात ज्या. मग दोरीच्या मध्यावर खूण करून वरचा अर्धा भाग गिरवला: अर्धज्या. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास कोष्टक दिलं ते या अर्ध्या दोरीच्या लांबीतल्या क्रमाक्रमाच्या फरकांचं, आणि पुढे ‘अर्ध’ गळून नुसतं ज्या राहिलं. जीवा अरबीत जाऊन जीबा झाली. अरबी लिपीत स्वर गाळून लिहितात, त्यामुळे तो शब्द जैब, म्हणजे कपड्याचा गळा किंवा खोळ, असा वाचला गेला. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर सायनस झालं, आणि तेच आपलं साइन. इथवर आम्हाला ठाऊक होतं. सरांनी खडू उचलून दोरीवरून लाकडावर नेला. म्हणाले, “अर्ध्या दोरीची लांबी दिली आहे, तर वरच्या अर्ध्या लाकडाची लांबी किती? ज्येवरून चाप काढणं ही आपल्या ज्योतिषगणितातली रोजची कृती. आर्क म्हणजे हे लाकूड. त्रिज्या १ असली की या लाकडाची लांबी हाच रेडियनमधला कोन. मुलांना हे चित्र दिसलं तर उणे एक लिहा नाहीतर आर्क लिहा, काय फरक पडतो?”

बैठकीतला तो पहिला शांत क्षण होता. माझं स्वतःचं मत तिथेच फिरलं. मी तर्काच्या शुद्धतेकडे बघत होते; सर मुलाला अर्थ दिसतोय का ते बघत होते.

काय केलं

निर्णय घ्यायच्या आधी आम्ही एक काम केलं, आणि ते सुचवलं मेकॅनिकलच्या सरांनी. प्रत्येकाने आपल्या तुकडीच्या उत्तरपत्रिका पुन्हा चाळायच्या आणि त्रिकोणमितीतल्या चुका चिन्हामुळे झाल्या असतील तर त्या बाजूला काढायच्या. दोन दिवसांनी टेबलावर ढीग लागले. साइन⁻¹ चा ढीग होताच, पण सगळ्यात मोठा ढीग भलताच निघाला: न दिलेल्या कंसांचा. साइन क्ष² म्हणजे साइन(क्ष²) की (साइन क्ष)²? डेरिव्हेटिव्ह काढताना पहिल्याचं उत्तर २क्ष कॉस(क्ष²), दुसऱ्याचं २ साइन क्ष कॉस क्ष; मुलांनी दोन्ही लिहिली होती. साइन क्ष/२ म्हणजे अर्ध्या कोनाचा साइन की साइनचा अर्धा? आणि हे दुसरं लिखाण कुठून आलं बघायला गेलो तर ते आमच्याच वर्कबुकात होतं, तीन ठिकाणी, ओळीत बसावं म्हणून कंस गाळून टाइप केलेलं. लॅबच्या मॅडम बैठकीत जे सांगत होत्या ते हेच.

मराठीत वर्तुळाच्या आर्कलाही कंस म्हणतात आणि ब्रॅकेटलाही. आमच्या सगळ्या प्रश्नाला हे दोन कंस पुरे होते.

मग ठरलं ते असं. फल कशावर लागू होतंय ते एका अक्षराहून मोठं असेल तर कंस अनिवार्य. फळ्यावर, वर्कबुकात, पेपरात, कुठेही सूट नाही. वर्गात आणि वर्कबुकात आर्कसाइन, आर्ककॉस, आर्कटॅन लिहायचं, पण पहिल्या तासाला धनुष्याचं चित्र काढून साइन⁻¹ हेच त्याचं दुसरं नाव आहे हे सांगायचं. युनिट टेस्टच्या पेपरात मात्र साइन⁻¹ ठेवायचं, कारण विद्यापीठाच्या पेपरात तेच येणार. उत्तरात दोन्ही चालतील. साइन² क्ष राहील. १/साइन क्ष साठी साइनच्या डोक्यावर उणे एक कधीही लिहायचा नाही. कोसेक किंवा अपूर्णांक. संमिश्र संख्येचा कोन काढताना आधी चरणाची आकृती, मग टॅनचं गणित. कॉट⁻¹ आणि सेक⁻¹ ची रेंज प्रत्येक प्रश्नात लिहून द्यायची, कारण तिथे पुस्तकापुस्तकांत फरक आहे आणि मुलाने कोणतं धरावं हे त्याने ओळखायची अपेक्षा करणं बरोबर नाही.

वर्कबुक नव्याने टाइप करताना एक छोटी अडचण आली. गणित टाइप करायच्या लेटेक या प्रणालीत आर्कसाइनची आज्ञा तयार असते, पण कोसेकची नसते. तिथे अमेरिकन धर्तीचं सीएससी आहे. मुलांना कोसेक ओळखीचं, म्हणून आम्ही ती आज्ञा स्वतः लिहून घेतली. एक्सेलच्या तासाला आणखी एक खोच सापडली. पायथनमध्ये चरण लक्षात घेऊन कोन काढणाऱ्या एटॅन२ ला आधी य द्यावा लागतो, मग क्ष. एक्सेलमध्ये नेमकं उलट, आधी क्ष. ही ओळ आम्ही वर्कबुकात चौकट करून छापली.

आणि एक सवय लावली, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. व्यस्त फलाचं उत्तर आलं की ते परत साइनमध्ये घालून बघायचं. त्या लॅबच्या गटाने २.०८५८ चा साइन काढला असता तर ०.८७ आला असता, ०.५ नाही, आणि चूक तिथल्या तिथे कळली असती.

काय झालं

पुढच्या वर्षीच्या युनिट टेस्टमध्ये कोसेकचं इंटिग्रेशन करून दाखवणारी उत्तरं जवळपास नाहीशी झाली. कंसाच्या चुका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. हातघाईत लिहिणारी मुलं आजही साइन २क्ष + १ लिहितात आणि एक कोनात आहे की बाहेर हे स्वतःच विसरतात.

एक नवी चूक मात्र आम्ही जन्माला घातली. काही उत्तरपत्रिकांत आर्कसाइन⁻¹ क्ष असं जोडचिन्ह दिसायला लागलं. वर्कबुकात एक चिन्ह, पेपरात दुसरं, म्हणून सुरक्षित राहावं या विचाराने मुलांनी दोन्ही एकत्र बांधली होती. असं लिहिलं की आर्क आणि उणे एक एकमेकांना रद्द करतात आणि उरतो नुसता साइन. तरुण सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी इशारा दिला होता तो हाच, थोड्या वेगळ्या रूपात. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही युनिट टेस्टच्या पेपरातही आर्कसाइन छापायला लागलो आणि प्रश्नाखाली एक ओळ दिली: विद्यापीठाच्या पेपरात हेच साइन⁻¹ क्ष असं येईल.

ज्येष्ठ सर निवृत्त झाले. त्यांचं धनुष्य आता वर्कबुकाच्या तिसऱ्या पानावर आहे.

आज वेगळं काय केलं असतं

मुळात उत्तरपत्रिकांचे ढीग आधी लावायला हवे होते आणि बैठक नंतर घ्यायला हवी होती. आम्ही पहिला दीड तास स्वतःच्या आवडींवर वाद घातला. मी गाउस आणि हर्शेल वाचून गेले, त्याचा मला अभिमानही होता, पण माझ्यासमोर ठेवलेल्या गठ्ठ्यात कंसांच्या चुका पहिल्या दिवसापासून होत्या आणि मी त्या नुसत्या लाल रेघ मारून सोडत होते. गणितज्ञाला कोणतं चिन्ह आवडतं या प्रश्नाचं उत्तर इतिहासात मिळतं. विद्यार्थी कुठे अडखळतो याचं उत्तर त्याच्या उत्तरपत्रिकेत असतं, आणि आमचा प्रश्न हा दुसरा होता.

दोन चिन्हं दोन ठिकाणी ठेवण्याची तडजोडही मी आता करणार नाही. सगळ्यांना राजी ठेवण्याच्या नादात आम्ही ती केली आणि तिचा भार मुलांवर पडला. एक चिन्ह ठरवून दुसऱ्याची फक्त ओळख करून दिली असती तर आर्कसाइन⁻¹ निघालंच नसतं.

राहिला त्या निळ्या पेनच्या उत्तराचा प्रश्न. बैठकीनंतर आम्ही अशा सगळ्या उत्तरांना ४ पैकी १ मार्क द्यायचं ठरवलं, इंटिग्रेशनचं तंत्र बरोबर म्हणून. तरुण सहकाऱ्याला ते पटलं नव्हतं: ओळखच चुकली तर मार्क कशाचे? त्याचं म्हणणं मला समजतं. पण आज तो पेपर हातात आला तर मी आधी त्या मुलाला बोलवेन आणि तोंडी विचारेन, ज्याचा साइन १/२ आहे तो कोन कोणता? त्याने ३० अंश सांगितलं, तर त्याला फल येतं आणि चिन्हाने फसवलं आहे, असं धरून निदान अर्धे मार्क देईन. आणि त्याच्या प्रश्नाला संकेत म्हणून वाटेला लावणार नाही. फळ्यावर साइन² आणि साइन⁻¹ शेजारी शेजारी लिहून सांगेन की तुझी शंका बरोबर आहे, हे दोन नियम वेगवेगळे आहेत, आणि दोनशे वर्षांपूर्वी गाउसलाही हेच खुपत होतं.